शीड केवढं उभारावं?

आमच्या बीडला समुद्र नाही, वारा मात्र आहे. खळ्यावर ज्वारी उपणताना वारा पडला की अब्बा वावडीवर चढून पाटी उंच धरत, वाढला की खाली घेत. नाहीतर भुशाबरोबर वर्षाचं धान्यही उडायचं.

शिडाच्या बोटींच्या शर्यतीत हाच हिशेब असतो. मंद वाऱ्यात डोलकाठीच्या मागेपर्यंत पोचणारं मोठं पुढचं शीड, म्हणजे ‘जिनोआ’, लावतात. वारा वाढला की काठीपुढेच मावणारं ‘जिब’, आणि तुफानात इवलंसं जाड वादळी शीड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. म्हणून ८ नॉटला शोभणारं शीड १६ नॉटला बोट कलती करतं. मग सुकाणू सतत दाबून धरावं लागतं, ते पाणी अडवतं आणि वेग घटतो. हाव धरणारा मागे पडतो.

गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. शीड बदलायला दोनच हात! शीड लहान करावं असं मनात आलं, की ती वेळ झालीच, असं दर्यावर्दी मानतात. अब्बाही झुळूक बदलताच पाटी खाली घेत.