दहा पौंडांचं घर

घर पाडून नवं बांधायचं की जुनंच दुरुस्त करायचं, हा प्रश्न गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला की हमखास येतो. म्हणून आज आपण इंग्लंडमधल्या एका घराची माहिती घेऊ.

ससेक्स भागात आल्फ्रिस्टन नावाचं गाव आहे. तिथे चर्चशेजारी साधारण 600 वर्षांपूर्वीचं घर आहे. लाकडाचा सांगाडा, त्यात काठ्या विणून मातीनं लिंपलेल्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. म्हणजे आपल्याकडचा कूडच म्हणा ना! पुढे हे घर चर्चकडे आलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते इतकं मोडकळीला आलं, की पाडायचंच ठरलं होतं. पण गावच्या पाद्रींनी ते वाचवण्यासाठी धडपड केली.

तेव्हा नॅशनल ट्रस्ट ही संस्था नुकतीच, 1895 मध्ये सुरू झाली होती. तिच्या तीन संस्थापकांत एक बाई होत्या, ऑक्टेव्हिया हिल. लंडनच्या गरीब वस्तीत त्या घरं सांभाळत. दर आठवड्याला बायकाच भाडं गोळा करत आणि त्यातूनच घरांची डागडुजी होई. आपल्या गटाच्या वसुलीसारखंच की हे! 1896 मध्ये संस्थेनं आल्फ्रिस्टनचं घर अवघ्या 10 पौंडांना घेतलं. तिची ही पहिली इमारत. दुरुस्तीला मात्र त्याच्या कितीतरी पट पैसा लागला.

या घराची जमीन ऐकण्यासारखी आहे. खडूचा पांढरा दगड कुटून ती धोपटली आणि वरून आंबट दूध दिलं. त्यानं वरचा थर घट्ट बसतो. आपण शेणानं सारवतो, ते ताकदुधानं सारवत.

यातून आपण काय घ्यायचं? मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा द्यावा. सिमेंटचा दिला तर ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. आधी छप्पर गळायचं थांबवा, पायाशी पाणी साचू देऊ नका, मग भिंतीला हात लावा. वासे-खांबांना वाळवी आहे का, ते टोचून बघा. भिंत कलली असेल किंवा आरपार तडा असेल, तर तिथे राहू नका, जाणत्या गवंड्याला दाखवा.

आणि कर्ज काढण्याआधी ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा बघा. त्यावर आपलं नाव आहे का? हप्ते आपण फेडणार, तर घरावर नावही आपलं हवं.