सायकल आपण चालवायची, पैसे लोकांनी का द्यायचे?

(एपिसोडचा लेखी मजकूर. इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत.)

आज सुरुवातीलाच एक हिशोब सांगतो. आमचाच आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही बारा जणांनी कराडच्या प्रीतिसंगमावरून पाटणला जाऊन परत, अशी सायकल राइड काढली. कॉलेजला असताना ज्यांच्या मेसमध्ये तीन वर्षं जेवलो, त्या काकूंना कॅन्सर निघाला होता आणि मुंबईला केमो सुरू होती. आम्ही क्यूआर कोड फिरवला, स्टेटस टाकले, रील केली. जमले ६१ हजार. मग टी-शर्ट, फ्लेक्स, मागून येणारा टेम्पो, स्पीकर, नाश्ता आणि मेडल (हो, मेडलसुद्धा!) यात गेले ४२ हजार. काकूंच्या हातात पडले १९.

चोरी कुणीच केली नाही, पावत्या सगळ्या आहेत. पण ज्या मित्राने विश्वासाने ५०० रुपये पाठवले, त्यातले जेमतेम दीडशे काकूंपर्यंत पोचले. उरलेल्यात माझा टी-शर्ट आला. तो मी अजून एकदाही घातलेला नाही.

त्यामुळे यंदा परत राइड काढायची म्हटल्यावर मी शोधायला लागलो की हे काम नीट करणारे लोक नेमकं काय करतात. शोधता शोधता पोचलो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, 'पॅन-मास चॅलेंज' नावाच्या राइडपर्यंत.

बिली स्टार नावाचा एक तरुण. १९७४ मध्ये त्याची आई त्वचेच्या कॅन्सरने गेली. १९८० मध्ये त्याने मित्रांना गोळा केलं आणि ३६ जण स्प्रिंगफील्ड शहरातून निघून केप कॉडच्या टोकाला, प्रॉव्हिन्सटाउनला सायकलने गेले. केप कॉड म्हणजे नकाशात समुद्रात वाकवलेल्या दंडासारखा दिसणारा भाग, आणि प्रॉव्हिन्सटाउन म्हणजे त्या हाताची मूठ. त्या वर्षी जमले १०,२०० डॉलर. ते बॉस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला दिले.

ही राइड आजही दर ऑगस्टच्या सुरुवातीला होते. हजारो सायकलस्वार, हजारो स्वयंसेवक. मोठा मार्ग दोन दिवसांचा, साधारण ३०० किलोमीटरचा. शर्यत नाही, कोण पहिला आला याची नोंदच नसते. आणि २०२४ पर्यंत या एका राइडने जमवलेली एकूण रक्कम १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. रुपये नाही, डॉलर.

आता मुद्द्याचा प्रश्न. पैसे येतात कुठून? सायकल चालवून तर पैसे तयार होत नाहीत.

पैसे येतात मागण्यातून. प्रत्येक सायकलस्वाराने ठरावीक किमान रक्कम स्वतः जमवायची असते. मोठ्या मार्गाला ही रक्कम काही हजार डॉलर असते. नोंदणी करतानाच क्रेडिट कार्डाची माहिती द्यावी लागते. मुदतीत रक्कम भरली नाही, तर कमी पडलेले पैसे तुमच्याच कार्डावरून कापले जातात! म्हणजे 'बघू, जमले तर जमले' हा प्रकारच नाही. आमच्या ग्रुपमध्ये हा नियम सांगितला तेव्हा तीन जणांनी लगेच 'टायपिंग...' सुरू केलं आणि मग काहीच पाठवलं नाही.

मग माणूस मागतो. शेजाऱ्यांकडे, ऑफिसात, जुन्या शिक्षकांकडे. इथे सायकलचा खरा उपयोग कळतो. 'कॅन्सरसाठी पैसे द्या' असं कुणाला तोंडावर म्हणणं अवघड जातं. पण 'मी दोन दिवसांत ३०० किलोमीटर चालवणार आहे, वडिलांच्या नावाने' असं म्हटलं की समोरचा विचारतो, वडिलांना काय झालं होतं? आणि बोलणं सुरू होतं. माझ्या मते सायकल हे निमित्त आहे, पण निमित्ताशिवाय आपण एकमेकांच्या दुखण्याबद्दल बोलतो तरी कधी?

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. २००७ पासून सायकलस्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर, शंभर टक्के, डाना-फार्बरला जातो. मग पाणी, जेवण, तंबू, मेकॅनिक हा खर्च कोण करतं? सायकलस्वारांची नोंदणी फी वेगळी असते, आणि प्रायोजक कंपन्यांचे पैसे व वस्तू वेगळ्या. दोन खिसे, आणि एका खिशातला हात दुसऱ्यात जात नाही. आम्ही नेमकं हेच केलं नव्हतं. आमचा क्यूआर कोड एकच होता.

रस्त्यावरच्या लोकांबद्दल पण सांगायला हवं. वाटेतल्या गावांमधले लोक खुर्च्या टाकून बसतात, घंटा वाजवतात. ब्रुस्टर गावात एका समर कॅम्पची मुलं उंच कुंपणाच्या झाडीमागून वर्षानुवर्षं इतका आरडाओरडा करायची की ती जागाच प्रसिद्ध झाली. उपचार घेणाऱ्या मुलांची सायकलस्वारांच्या टीमशी जोडी लावतात, मग टीम त्या मुलासाठी सायकल चालवते. आणि एक लहानपणी कॅन्सरमधून वाचलेला मुलगा दरवर्षी रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन उभा राहायचा: तुमच्यामुळे मी आता अमुक वर्षांचा आहे. पाटी तीच, दरवर्षी फक्त आकडा बदललेला. हे वाचताना मी बसमध्ये होतो. खिडकीबाहेर बघत बसलो थोडा वेळ.

आपण आवाजाच्या धंद्यातले, म्हणून अजून एक गोष्ट. या राइडचे पैसे ज्या 'जिमी फंड'मधून डाना-फार्बरला पोचतात, तो सुरूच झाला रेडिओवर. २२ मे १९४८. बॉस्टनच्या हॉस्पिटलमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांच्याकडे असलेल्या बारा वर्षांच्या मुलाशी कॅलिफोर्नियातून रेडिओवर निवेदक बोलत होता. खरं नाव कळू नये म्हणून त्याला जिमी म्हटलं. बोलता बोलता बॉस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल टीमचे खेळाडू थेट त्याच्या खोलीत शिरले. शेवटी आवाहन केलं की जिमीला मॅच बघायला टीव्ही हवाय. लोकांनी २ लाख डॉलरच्या वर पैसे पाठवले. त्या काळी लहान मुलांचा कॅन्सर म्हणजे बहुतेकदा शेवटच, त्यामुळे जिमी गेला असंच लोक धरून चालले होते. १९९८ मध्ये उघड झालं की जिमी म्हणजे आयनार गुस्ताफसन, ट्रक ड्रायव्हर, चांगला हयात. तो गेला २००१ मध्ये.

पण एक फरक लक्षात घ्या. तिथले पैसे मुख्यतः संशोधनाला आणि उपचार करणाऱ्या संस्थेला जातात. कोणत्या कामाला वापरायचे याची मोकळीक असते, त्यामुळे सरकारी अनुदान मिळण्याआधीच्या कच्च्या कल्पनांवरही काम सुरू करता येतं. आमच्यासारखी बारा जणांची राइड संशोधन करू शकत नाही. आपल्या हातात असतं ते घरचं गणित: जाण्यायेण्याचं भाडं, राहणं, जेवण, बुडालेला रोज.

आणि हे गणित आम्ही काकूंना विचारलंच नव्हतं. यंदा विचारलं. दर २१ दिवसांनी त्या आणि त्यांचा मुलगा लक्झरीने मुंबईला जायचे, पूर्ण तिकीट काढून. कॅन्सर रुग्णांना रेल्वेत सवलत असते हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही! हॉस्पिटलकडून ठरलेला फॉर्म भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर दाखवायचा. स्लीपर आणि थ्री टायर एसीत रुग्णाला मूळ भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. कराडहून रात्रीची महालक्ष्मी पकडायची, सकाळी दादर. दादरलाच गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळच्या टाटा हॉस्पिटलला येणारे रुग्ण आणि नातेवाईक तिथे राहतात. जागा मिळेलच असं नाही, पण चौकशी करायला काय जातं? टाटा १९४१ पासून आहे, आणि कायम गावोगावचे लोक तिथे येतात. कुणाला तरी हे सगळं आधीच माहीत असतं, फक्त आपण त्याच्यापर्यंत पोचलेलो नसतो.

म्हणजे ज्या प्रवासासाठी आम्ही पैसे जमवत होतो, तो बराचसा एका फॉर्मवर सुटला. खरी अडचण भलतीच निघाली. काकू मुंबईला गेल्या की मेस चार-पाच दिवस बंद, आणि पोरं दुसरीकडे डबा लावतात. त्यांना हवी आहे त्या दिवसांपुरती पोळ्या करणारी बाई, आणि तिचा पगार.

तर यंदाची राइड त्या पगारासाठी. आम्ही प्रत्येकाने ७०० रुपये खर्चाचे म्हणून आधीच वेगळे भरलेत, वेगळ्या खात्यात. टेम्पो एका मित्राच्या मामांचा, डिझेलसकट. टी-शर्ट मागच्याच वर्षीचा, मीही घालणार आहे. मेडल नाही. राइड झाल्यावर आठ दिवसांत पूर्ण हिशोब ग्रुपवर टाकणार, पावत्यांच्या फोटोसकट.

काकूंना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाश्त्याला पैसे घालू नका रे. पाटणहून किती वाजता परत येताय तेवढं सांगा, पोहे टाकते."