रुग्णशय्येवरचा शनिवार

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाची पहिली हरवणारी वस्तू म्हणजे वार. सोमवार कोणता आणि रविवार कोणता, हे तेथे चार दिवसांत कळेनासे होते. पहाटे ताप पाहण्याची वेळ, मग औषधांची वेळ, डॉक्टरांच्या फेरीची वेळ, भेटीची वेळ आणि शेवटी दिवे मालवण्याची वेळ, हे वेळापत्रक आठवड्याचे सातही दिवस सारखेच असते. बाहेर नोकरदार माणूस शनिवारची वाट पाहतो; खाटेवर पडलेल्या माणसाकडे मात्र शनिवार येतच नाही. ब्रिटनमधील रुग्णालयांत गेली शंभरएक वर्षे चालत आलेली एक लहानशी स्वयंसेवी परंपरा नेमकी ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न करीत आली आहे. तिला तेथे 'हॉस्पिटल रेडिओ' म्हणतात, आणि शनिवार-रविवारचा क्रीडा व मनोरंजनाचा कार्यक्रम हा तिचा सर्वांत जुना आणि जिव्हाळ्याचा भाग आहे.

हा रेडिओ म्हणजे बी.बी.सी. नव्हे. रुग्णालयाच्याच आवारातील एखादी तळघरातली खोली, कधी अडगळीची जागा तर कधी लाकडी शेड. तेथे दोन ध्वनिग्राहक, तबकड्यांचे किंवा अलीकडे संगणकावरील गाण्यांचे भांडार, आणि तेथून निघून वॉर्डावॉर्डांतून प्रत्येक खाटेपाशी पोहोचलेली एक तार. खाटेच्या उशाशी लटकवलेला हेडफोन कानाला लावला की त्या खोलीतला आवाज ऐकू येतो. बोलणारा माणूस पगारी नसतो. आठवडाभर कचेरीत कारकुनी करणारा, शाळेत शिकवणारा, बस चालवणारा किंवा महाविद्यालयात शिकणारा असा कोणीतरी आपली सुटी खर्च करून तेथे येऊन बसतो. यंत्रांचा खर्च वर्गणी, देणग्या आणि मदतीच्या जत्रांतून भागवला जातो. श्रोते किती, तर त्या रुग्णालयात जेवढ्या खाटा, त्याहून कमीच.

या प्रकाराचा आरंभ यॉर्क शहरातील काउंटी हॉस्पिटलपासून धरला जातो. १९२६ च्या सुमारास तेथे रुग्णांसाठी हेडफोन व ध्वनिवर्धक बसवण्यात आले आणि खेळांची वर्णने व चर्चमधील प्रार्थना खाटेपर्यंत पोहोचू लागल्या. बी.बी.सी.चा जन्म १९२२ चा. म्हणजे रेडिओ हे माध्यमच जेव्हा बाल्यावस्थेत होते, तेव्हा कोणाला तरी रुग्णांची आठवण झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ही केंद्रे झपाट्याने वाढली आणि पुढील काही दशकांत त्यांची संख्या शेकड्यांत गेली. ग्लासगोच्या अशाच सेवेत सुरुवात केलेले केन ब्रूस पुढे बी.बी.सी.चे नामांकित निवेदक झाले. परंतु अशी नावे अपवादात्मक होत. बहुसंख्य निवेदक वीस-वीस वर्षे त्या तळघरात बोलत राहिले आणि बाहेरच्या जगाला त्यांचे नावही कळले नाही.

प्रार्थनेच्या जोडीला नेमका खेळच का, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर इंग्लंडच्या सामाजिक इतिहासात आहे. १८५० च्या कारखाने कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबवण्याचे बंधन घातले. हळूहळू शनिवारची अर्धी सुटी सर्वत्र रूढ झाली. गिरणीतून सुटलेला कामगार काहीतरी पोटात ढकलून तडक मैदान गाठी. म्हणून फुटबॉलचा सामना तीन वाजता सुरू होऊ लागला. गिरण्या गेल्या, पण तीनची वेळ राहिली. वडिलांचे बोट धरून मुलगा ज्या संघाचा सामना पाहायला जाई, त्याच संघाशी तो जन्मभर एकनिष्ठ राही. अशा माणसाचा पाय मोडला वा छातीत दुखू लागले, तरी शनिवारी दुपारी तीन वाजता त्याचे मन मैदानाकडे धाव घेणारच. शिवाय आजही इंग्लंडमध्ये शनिवारी तीन वाजताचे सामने तेथील दूरचित्रवाणीवर थेट दाखवत नाहीत, कारण मैदाने ओस पडू नयेत. म्हणजे रुग्णाला उरतो तो कानाचाच आधार.

हा आधार पुरवण्यासाठी रुग्णालयीन रेडिओने मैदानावरच आपला माणूस बसवला. पोर्ट्समथमध्ये १९५१ साली फ्रॅटन पार्कवरील सामन्यांचे धावते वर्णन तारेवरून रुग्णालयात पोहोचू लागले, आणि तेथील सेवेचा आरंभच त्यातून झाला. इतर अनेक शहरांतही अशीच व्यवस्था झाली. मैदान आणि रुग्णालय यांच्यामध्ये पोस्ट खात्याकडून दूरध्वनीची तार भाड्याने घ्यायची आणि गर्दीच्या गजरासकट सामना वॉर्डात आणायचा, असा हा साधा बेत होता.

येथे धावत्या वर्णनाच्या उगमाची एक गोष्ट आठवते. १५ जानेवारी १९२७ रोजी ट्विकनहॅम येथे इंग्लंड आणि वेल्स यांच्यात रग्बीचा सामना झाला. बी.बी.सी.वरून त्याचे वर्णन करण्याचे काम कॅप्टन वेकलम यांच्याकडे होते. असे काम त्यापूर्वी तेथे कोणी केलेले नव्हते. ते कसे साधावे, हे त्यांना समजावे म्हणून एका अंध गृहस्थाला त्यांच्या समोर बसवण्यात आले आणि याला सामना सांगा, एवढीच सूचना देण्यात आली. लक्षावधी श्रोत्यांसाठी असलेली ही कला प्रत्यक्षात एका न पाहू शकणाऱ्या माणसाला सामना सांगण्यातून घडली. रुग्णालयीन रेडिओचा निवेदक आजही तेच करीत असतो.

आता त्याचा शनिवार कसा जातो ते पाहू. दुपारी दोनच्या सुमारास कार्यक्रम सुरू होतो. आरंभी गाणी, मग स्थानिक संघात आज कोण खेळणार, कोण जायबंदी आहे याची वार्ता. तीन वाजता सामना सुरू झाला की मैदानावरील सहकाऱ्याचे वर्णन आणि खोलीतल्या निवेदकाची गाणी यांची जुगलबंदी सुरू होते. मध्यंतरात इतर मैदानांवरील गोलसंख्या सांगायची. उन्हाळ्यात फुटबॉलची जागा कौंटी क्रिकेट घेते. पाचच्या सुमारास साऱ्या देशाचे निकाल. ते सांगताना घाई करून चालत नाही. एका वॉर्डात दहा संघांचे चाहते असू शकतात, आणि कोणी एखादा उशीखाली फुटबॉल पूलचे कुपन घेऊन पेन्सिल सरसावून बसलेला असतो.

या निकालांच्या वाचनाला इंग्लंडमध्ये एका माणसाने जवळजवळ शास्त्राचे रूप दिले. जेम्स अलेक्झांडर गॉर्डन यांनी १९७४ ते २०१३ अशी सुमारे चाळीस वर्षे बी.बी.सी.वर फुटबॉलचे निकाल वाचले. पहिल्या संघाचे नाव व गोल सांगून झाले, की दुसऱ्या संघाच्या नावावर त्यांचा आवाज चढतो की उतरतो, यावरूनच श्रोत्याला निकाल उमगत असे. आकडा नंतर येई. या गृहस्थांना तान्हेपणीच पोलिओ झाला होता आणि बालपणाचा बराच काळ त्यांनी रुग्णालयांत काढला होता. हरलेल्या संघाचे नाव घेताना त्यांच्या आवाजात जी सहानुभूती येई, तिचा त्या बालपणाशी काही संबंध होता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु खाटेवर पडून बाहेरच्या आवाजाची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते, एवढे निश्चित.

रुग्णालयातील निवेदकाला याहून अधिक जपावे लागते. ऐकणाऱ्यांपैकी कोणाची उद्या शस्त्रक्रिया असते, कोणी बाळंतीण असते, तर कोणी घरी परतणारच नसते. या तिघांनाही एकच आवाज ऐकू जातो. म्हणून रुग्णाचा आजार कधी उच्चारायचा नाही. आडनाव आणि दुखणे यांची जोडी कधी जुळू द्यायची नाही. 'लवकर बरे व्हा' हे आपल्याला सहज वाटणारे वाक्यसुद्धा विचार करून उच्चारायचे. मरणाची, विरहाची गाणी निवडतानाही सावध राहायचे. उत्साह हवा, पण तो अंगावर येणारा नको. बाहेरच्या व्यावसायिक निवेदकाला श्रोता बटन फिरवून दूर जाईल ही भीती असते. येथील निवेदकाला श्रोता जाऊ शकत नाही याची जाणीव ठेवावी लागते. हा संयम कोणत्याही व्यवसायात सहजासहजी शिकायला मिळत नाही.

सामना संपतो, संध्याकाळी भेटीला आलेले आप्त निघून जातात, आणि रुग्णालयातील सर्वांत जड घटका सुरू होते. फर्माईशीच्या गाण्यांचा कार्यक्रम नेमका तेव्हा असतो. त्यापूर्वी स्वयंसेवक कागद-पेन्सिल घेऊन वॉर्डांत फिरतात. प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारतात, "आपल्याला कोणते गाणे ऐकायला आवडेल? ते कोणासाठी लावू?" कोणी लग्नाच्या दिवशीचे गाणे सांगतो, कोणी शेजारच्या खाटेवरील सोबत्यासाठी एखादे गमतीचे गाणे मागतो. जोडीला प्रश्नमंजूषा असते. कोठे खाटेवर पडूनच आकड्यांवर खुणा करण्याचा बिंगोचा खेळ रंगतो आणि जिंकलेल्याच्या वतीने परिचारिका दूरध्वनी करते.

या सर्व खटाटोपात खरे मोल कशाचे, असा प्रश्न विचारला तर माझे उत्तर गाण्याचे किंवा गोलसंख्येचे नाही. त्या कागद-पेन्सिलीचे आहे. रुग्णाला दिवसभर प्रश्न विचारले जातात. झोप लागली का, शौचाला झाली का, कोठे दुखते, पूर्वी काही विकार होता का? हे प्रश्न आवश्यक आहेत, पण ते सारे त्याच्या शरीराला विचारलेले असतात. तुला काय आवडते, हा प्रश्न विचारण्याचे काम रुग्णालयात कोणाच्याही वाट्याला दिलेले नसते. त्याचे उत्तर देताना रुग्ण काही क्षण केस क्रमांक राहत नाही. तो पोर्ट्समथच्या संघाचा चाहता होतो, कोणाचा तरी नवरा होतो. तासाभराने त्याचे नाव आवाजातून उमटते, तेव्हा आपण सांगितलेले कोणीतरी लक्षात ठेवले, हे त्याला कळते.

यावर आजच्या काळाचा आक्षेप उघड आहे. ज्याच्या हाती मोबाईल आहे, त्याला जगातील कोणतेही गाणे आणि कोणत्याही सामन्याचा निकाल क्षणात मिळतो. मग तळघरातल्या हौशी मंडळींचे काम काय? हा आक्षेप नवा नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००० सालच्या योजनेत मोठ्या रुग्णालयांतील खाटांपाशी दूरचित्रवाणी व दूरध्वनीची यंत्रे बसवण्याचे ठरवले, तेव्हाही हा रेडिओ संपला असे अनेकांना वाटले होते. ती यंत्रे पैसे मोजून वापरावी लागत आणि मोबाईलच्या प्रसाराने लवकरच मागे पडली. रेडिओ मात्र फुकट होता आणि टिकला. अर्थात सगळीकडे टिकला असे नाही. कित्येक केंद्रे बंद झाली, कोठे जागा गेली, कोठे माणसे मिळेनात. २०२० च्या महामारीत स्वयंसेवकांना वॉर्डांत प्रवेश बंद झाला आणि अनेकांनी घरूनच कार्यक्रम चालवले. आवाज चालू राहिला, खाटेपाशी येणारा माणूस मात्र थांबला. आणि दोहोंपैकी अधिक महत्त्वाचे काय, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

आक्षेपाचा दुसरा भाग अधिक बोचरा आहे. कित्येकदा निवेदक बोलतो तो स्वतःच्याच हौसेसाठी आणि ऐकत कोणीच नसते, अशी थट्टा ब्रिटनमध्येही चालते. तीत तथ्य नाही असे नाही. जो निवेदक वॉर्डात कधी पाऊल टाकत नाही, त्याचा कार्यक्रम ही केवळ यंत्राशी केलेली करमणूक होय. परंतु जो दुपारी खाटांमधून फिरून आला आहे, त्याच्यापुरती ही थट्टा खोटी ठरते. तिसऱ्या वॉर्डातील म्हातारबा जागे आहेत, हे त्याला ठाऊक असते.

आपल्याकडे काय, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. ब्रिटनची नक्कल करण्याचे कारण नाही. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत खाटेशेजारी जमिनीवर सतरंजी टाकून बसलेला नातेवाईक असतो. एकांत हा तेथला प्रश्नच नसतो. पण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात दूरदूरच्या प्रांतांतून येऊन महिनोन्‌महिने उपचार घेणाऱ्याला, किंवा हाड जुळण्याची वाट पाहत पडलेल्या तरुणाला, वार हरवल्याचे दुःख नसेल असे मानणे चुकीचे ठरेल. आपल्या माणसाचे नाव आकाशवाणीवर ऐकू यावे याची ओढ तर आपल्याला चांगली परिचयाची आहे. 'आपली आवड'मधील नावांची यादी कान टवकारून ऐकणारी घरे आणि विविध भारतीवरून सीमेवरील जवानांसाठी होणारी 'जयमाला' ही त्याचीच उदाहरणे. बाळ ज. पंडितांचे मराठीतील क्रिकेटचे धावते वर्णन ऐकून ज्यांनी न पाहिलेली मैदाने पाहिली, त्यांना आवाजाचे सामर्थ्य वेगळे सांगायला नको. येरवडा कारागृहात बंदिवानांसाठी अंतर्गत रेडिओ चालू शकतो, तर रुग्णालयात तो अशक्य नाही.

तथापि आरंभ यंत्रापासून करण्याची गरज नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत १९६९ पासून आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी रस्ते बांधतात, झाडे लावतात. त्यांतील चार विद्यार्थी शनिवारी दुपारी वही-पेन्सिल घेऊन, रुग्णालयाच्या परवानगीने, एखाद्या वॉर्डात गेले आणि "काका, आज सामना आहे, निकाल कळवू का? गाणे कोणते आवडते?" एवढेच विचारून आले, आणि संध्याकाळी उत्तर घेऊन परत गेले, तरी पुष्कळ झाले. ध्वनिग्राहक आणि तारा मागाहून येतील, कदाचित येणारही नाहीत. मात्र संध्याकाळी परत जायचे विसरून चालणार नाही. कारण ज्याला विचारले गेले आहे, तो दाराकडे डोळे लावून बसलेला असेल.