जिम लावली अन् पंधरा दिवसांत सोडली? दम कमी पडत नाही, आड येतं ते वागणं

दिवाळी झाली की आमच्या तालुक्याच्या गावातल्या जिममध्ये पाय ठेवायला जागा नसते. पोलीस भरतीची जाहिरात निघाली तरी तेच. स्टँडच्या मागच्या गाळ्यात, पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर, जिथं जागा मिळाली तिथं जिम झाली आहे. पोरं वाड्या-वस्त्यांवरून दहा-बारा किलोमीटर गाडी मारत येतात, महिन्याची फी आधी भरतात आणि पंधरा दिवसांनी बघावं तर निम्मी गायब. जिमवाल्याला विचारलं की ठरलेलं उत्तर, "आजकालच्या पोरांत दम नाय."

सोडून गेलेल्यांपैकी काही जणांना मी गाठून विचारलं. व्यायाम झेपला नाही, असं एकानंही सांगितलं नाही. एक पोरगा म्हणाला, "मोकळा रॉड उचलताना हात थरथरत होते, मागं दोघं हसली. दुसऱ्या दिवशी गेलोच नाय." दुसरा नव्वद किलोचा गडी, दिवसभर आल्याच्या रानात राबणारा. तो म्हणाला, "चारी बाजूंनी आरसे. जिकडं बघावं तिकडं माझंच पोट." एक अंगणवाडी मदतनीस ताई दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आल्या. वर बघितलं तर सगळे पुरुष, आणि कुणी 'या' म्हणेना.

माझं तरी काय वेगळं झालं? रक्तातली साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. पहिल्या दिवशी दारातच एक पोरगं म्हणालं, "काका, भजनाचा हॉल खाली हाय." सगळे हसले, मी पण हसलो. पण पुढचे चार दिवस माझी गाडी जिमकडं वळली नाही. चाळिशी ओलांडलेला, चार माणसांत उठबस असलेला माणूस एका वाक्यानं मागं फिरतो, तर अठरा वर्षांच्या पोराचं काय होत असेल?

म्हणून हे जो नवा जातोय त्याच्यासाठी लिहितोय आणि जो तिथं मुरलाय त्याच्यासाठी पण.

तालमीत रीत होती, जिममध्ये ती कुणी सांगत नाही

व्यायामाची जागा आपल्याला नवी नाही. गावोगावी तालमी होत्या, काही अजून आहेत. तालमीत चपला बाहेर. आत गेल्यावर मारुतीला नमस्कार, माती कपाळाला. कसरतीआधी आखाडा फावड्यानं उकरायचा, नंतर माती सारखी करायची, आणि हे काम नव्या पोरांच्या वाट्याला यायचं. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळायची, तीही सगळ्यांनी मिळून. वस्तादाचं लक्ष सगळ्यांवर. नवा पोरगा आला तर त्याला जोर कसे मारायचे, बैठक कशी घालायची हे मोठा पैलवान दाखवायचा. हसायची सोय नव्हती, वस्तादानं ऐकलं तर हसणाऱ्यालाच शंभर बैठका.

जिममध्ये मशीन आल्या, आरसे आले, गाणी आली. वस्ताद मात्र आला नाही. ट्रेनर असतो, पण संध्याकाळच्या गर्दीत एकाला चाळीस पोरं. मग रीत कोण सांगणार? ज्याला माहीत नाही तो चुकतो, आणि चुकला की लोक बघतात. तेव्हा साध्या गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट पायातली. रानातनं सरळ आलेले बूट आत नेऊ नका. पावसाळ्यात काळी माती रबरी मॅटवर पडली की पुढच्याचा पाय घसरतो, आणि त्याच्या हातात वजन असतं. बुटांचा एक स्वच्छ जोड पिशवीत ठेवा. महागडा पाहिजे असं नाही, तळवा स्वच्छ पाहिजे.

दुसरी गोष्ट नॅपकिन. बाकड्यावर झोपून व्यायाम केला की घामाचा ठसा राहतो, तो पुसून उठायचं. हे नुसतं घाण वाटतं म्हणून नाही. नायटा, ज्याला गजकर्ण म्हणतात, हा बुरशीचा रोग आहे. तो दुसऱ्याच्या टॉवेलनं, कपड्यांनी, ओलसर बाकड्यावरून पसरू शकतो. आपल्याकडं जांघेत खाज सुटली की माणूस लाजेनं डॉक्टरकडं जात नाही, मेडिकलमधून एखादी ट्यूब आणतो. तसल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. खाज थांबते, पण नायटा आतल्या आत पसरतो आणि मग महिनोन्महिने जात नाही. आपला नॅपकिन आपला, घामाचे कपडे रोज धुवायचे, आणि खाज असेल तर त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचं. मावा-गुटख्याचं काय लिहावं? जिमच्या जिन्यातले कोपरे बघितले की कळतं.

तिसरी, आणि भांडणं लावणारी गोष्ट म्हणजे वजनं. वापरलेल्या प्लेटा, डंबेल जागेवर ठेवायचे. तुम्ही २० किलोच्या चार प्लेटा रॉडला तशाच ठेवून गेलात, तर मागून येणाऱ्या नवख्या पोराला त्या काढता येत नाहीत आणि 'काढून द्या' म्हणायला तो लाजतो. तो कोपऱ्यात जाऊन मोबाईल बघत बसतो आणि घरी जातो. प्लेटा काढताना एक लक्षात ठेवा. रॉड स्टँडवर असताना एका बाजूच्या सगळ्या प्लेटा एकदम काढल्या, तर दुसऱ्या बाजूच्या वजनानं रॉड उलटतो आणि शेजारच्याच्या तोंडावर जातो. एक इकडची, एक तिकडची, अशा काढायच्या.

मशीनवर बसून रील बघणारे सगळीकडं आहेत. दोन सेटच्या मध्ये दम घ्यायचाच असतो, त्याला हरकत नाही. पण कुणी उभा असेल तर उठून त्याला एक सेट मारू द्यावा. नव्या माणसानं पण दबकत उभं राहू नये. "भावा, किती सेट राहिलेत?" एवढं विचारलं की बास. जड वजन घेऊन बाकड्यावर झोपत असाल तर "जरा सपोर्ट दे" म्हणून मागं एकाला उभं करा. छातीवर रॉड अडकला तर एकट्याला काढता येत नाही. आणि ज्याला सपोर्टला बोलावलंय त्यानं मोबाईल खिशात ठेवावा.

शूटिंगचं वेगळं सांगतो. स्वतःचा व्हिडिओ करा, पण मागं दुसरं कुणी येत असेल तर थांबा. त्या आल्याच्या रानातल्या गड्याचा घामाघूम झालेला फोटो कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकला होता, खाली हसायच्या इमोजींची रांग. टाकणाऱ्याला वाटलं गंमत. तो गडी त्यानंतर जिमला आला नाही.

आरसा कशासाठी असतो

जिममधले आरसे पाठ वाकत नाही ना, गुडघा आत जात नाही ना, दोन्ही हात सारखे वर जातायत ना, हे बघण्यासाठी असतात. आपण बघतो पोट आणि दंड. आणि शेजारी जो पाच वर्षं व्यायाम करतोय त्याच्याशी पहिल्या आठवड्यात तुलना करतो.

शरीर कसं बदलतं हे माहीत असलं की ही तुलना बरीच कमी होते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत माणूस जास्त वजन उचलायला लागतो, पण दंड दिसायला तेवढाच असतो. कारण त्या काळात स्नायू फारसा वाढलेला नसतो, मेंदू आणि नसा तो स्नायू नीट वापरायला शिकत असतात. डोळ्याला दिसेल असा फरक पडायला दोन-तीन महिने नियमित व्यायाम आणि खाणं लागतं. म्हणजे जो पोरगा पंधरा दिवसांनी आरशात काहीच दिसत नाही म्हणून सोडतो, त्याची ताकद वाढायला लागलेली असते. ती आरशात दिसत नाही एवढंच. ती वहीत दिसते. दहा रुपयांची वही घ्या, तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, एवढं लिहा. पहिल्या दिवशी मोकळ्या रॉडवर पाच वेळा, महिन्यानं त्याच रॉडवर बारा वेळा. आता मोठा ऑलिम्पिक रॉड नुसताच २० किलोचा असतो, हे पण माहीत असावं. युरियाची ४५ किलोची गोणी खांद्यावर टाकणारा गडी त्या २० किलोला थरथरतो, तेव्हा त्याला वाटतं आपण कमजोर आहोत. तसं नाही. गोणी उचलताना पाठ, पाय, खांदा सगळे मिळून काम करतात. झोपून रॉड ढकलायची सवयच त्या हातांना नसते. तो थरथराट काही दिवसांत जातो.

अंग दुखणं पण असंच. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं, मग उतरतं. घाबरायचं कारण नाही. मात्र दुखणं भयंकर असेल आणि लघवी चहासारखी काळपट होत असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

मोबाईलमधल्या अंगाबद्दल दोन शब्द. रीलमधला माणूस व्यायाम करून स्नायू फुगलेले असतानाच, चांगल्या उजेडात, नेमक्या कोनातून शूटिंग करतो. स्पर्धेतले बॉडीबिल्डर स्टेजवर जाण्याआधी खाणं आणि पाणी तोडतात, म्हणून तसे दिसतात. ते स्वतःही वर्षभर तसे नसतात. काहींच्या मागं इंजेक्शनं असतात. अशी इंजेक्शनं आता तालुक्याला पण पोचली आहेत, ही गंमत नाही. बाहेरून स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं पुरुषी हार्मोन बनवणं कमी करतं. अंडकोष आखडतात, शुक्राणू कमी होतात, पुरुषांची छाती बायकांसारखी सुटू शकते, यकृताला आणि हृदयाला मार बसतो, डोकं तापट होतं. आरशातली लाज घालवायला घेतलेल्या सुईनं नवीनच लाज पदरात पडते.

खाण्याची पण अशीच भीती घातली जाते, पावडरचा डबा नसेल तर काही होणार नाही म्हणून. साध्या प्रौढ माणसाला दर किलो वजनामागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यात सात-आठ, ५० ग्रॅम सोयाबीन वडीत पंचवीसच्या आसपास. घरचं दूध डेअरीला घालून दोन-तीन हजारांचा डबा आणणारी घरं मी बघितली आहेत. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रथिनं वाढवावीत.

काडी, ढोल्या आणि खाशाबा

गावात नावं ठेवायची आपली जुनी खोड. बारीक असला की काडी, जाड असला की ढोल्या, बुटका असला की अडीच फूट. प्रेमानंच म्हणतो, असं आपण म्हणतो. पण ते नाव घेऊनच पोरगं जिमच्या आरशासमोर उभं राहतं.

आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. गट कोणता? बँटमवेट, ५७ किलोचा. त्याआधी १९४८ ला लंडनला तर ते ५२ किलोच्या गटात खेळून सहावे आले होते. आजच्या जिममध्ये ५२ किलोचा पोरगा आला तर त्याला आधी वजन वाढवायचा डबा विकतील. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. लांब पळणाऱ्याचं अंग बारीकच असतं, त्याचं काम तेच असतं. कुठलं अंग चांगलं, हे त्या अंगाकडून काम काय घ्यायचंय त्यावर ठरतं.

भरतीवाल्या पोरांनी हे नीट ध्यानात घ्यावं. गेल्या काही पोलीस शिपाई भरतींत मैदानी परीक्षा ५० गुणांची होती. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५. मुलींना १६०० च्या जागी ८००. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर आणि फुगवून ५ जास्त. दंडाला एकही गुण नाही. तरी आमच्या जिममध्ये भरतीची पोरं रोज दंड आणि छाती मारतात, पायाचा दिवस आला की गैरहजर. पळायला पाय लागतात, गोळ्याला पाय, कंबर आणि खांदा. आरशाला खूश करण्यात गुण जातात.

बायकांसाठी वेगळं काय

वेगळं काही नाही, पण पुरुषांनी वागायचं वेगळं आहे. टक लावून बघू नका. न विचारता "असं करा ताई" म्हणत शिकवायला जाऊ नका, ते काम ट्रेनरचं. ट्रेनरनं पण हात लावून दाखवण्याआधी विचारावं. कपड्यांवरून बोलू नका. पंजाबी ड्रेसवर व्यायाम करता येतो, फक्त ओढणी मशीनपासून लांब, सोडून ठेवलेली बरी. वजन उचललं की बाईचं अंग पुरुषासारखं होतं, हा गैरसमज आहे. पुरुषी हार्मोन बायकांत फार कमी असल्यानं तसं आपोआप होत नाही. उलट चाळिशीनंतर हाडं ठिसूळ होत जातात, त्याला वजनाचा व्यायाम उपयोगी पडतो.

त्या अंगणवाडी ताईंनी शेवटी एक केलं. ओळखीच्या चौघी गोळा केल्या आणि पाचजणींनी मिळून जिमवाल्याला सकाळी ११ ते १२ ची वेळ मागितली. तेव्हा जिम तशीही रिकामीच असते, त्यालाही फी मिळाली. एकटीला जे मागता आलं नसतं ते पाचजणींना मिळालं.

नव्यानं जाणाऱ्या पुरुषांनाही मी तेच सांगेन. पहिले आठ दिवस संध्याकाळी ६ ते ८ जाऊ नका, त्या वेळी खरी गर्दी आणि खरे शेरे असतात. सकाळी धारा काढून झाल्यावर किंवा दुपारी जा. बरोबर एक जोडीदार घ्या. ट्रेनरला सरळ सांगा, "मला काही येत नाही, पहिल्यापासून दाखवा." असं म्हटल्यावर शिकवायला नाही म्हणणारा ट्रेनर मला तरी अजून भेटला नाही. साखर, बीपी, जुनं पाठीचं दुखणं असेल तर तेही त्याच वेळी सांगून टाका.

मी पाचव्या दिवशी परत गेलो तो असाच, दुपारी तीन वाजता. भजनाचा हॉल दाखवणारं पोरगं तेव्हा एकटंच बाकड्यावर झोपून रॉड काढायच्या तयारीत होतं. मला बघून जरा चपापलं, मग म्हणालं, "काका, जरा सपोर्ट देता का?" मागं कसं उभं राहायचं, हात कुठं ठेवायचे, हे त्यानंच मला शिकवलं.