दवाखाना कसा पारखावा?



रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात दवाखान्यांची गोष्ट हटकून निघते. "अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, एका सुईत ताप उतरला," असे कोणी सांगतो आणि चार घरे तिकडे वळतात. बैल घेताना दात, खूर, चाल पाहणारे आपण, येथे मात्र एवढ्यावरच भागवतो! साधा सर्दीताप बहुधा चार-पाच दिवसांत आपोआप उतरतो. तिसऱ्या दिवशी सुई घेतली की श्रेय सुईला मिळते.

मग पाहावे काय? आमच्या मते, डॉक्टर काय विचारतात ते आधी पाहावे. इटलीतील बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली आपल्या ग्रंथात लिहिले की, रोग्याला त्याचा धंदाही विचारावा. शेतकऱ्याचा तर या प्रश्नाने जीव वाचतो. भातलावणीनंतर जोराचा ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर "चिखलात काम केले का?" असे विचारणारा डॉक्टर उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा ताप वेळीच ओळखू शकतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. फवारणीनंतर घाम, लाळ, उलट्या सुरू झाल्या आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर "काय फवारले?" हे विचारलेच पाहिजे. क्लोरपायरिफॉससारख्या विषावर अॅट्रोपिन लागते, दुसऱ्या विषावर दुसरे काही. म्हणून डबा बरोबर न्यावा. उतारा त्याच्या कागदावर छापलेला असतो. आमच्या ओळखीच्या एकाला अशा वेळी काही न विचारता नुसते सलाईन लावून घरी पाठवले होते. रात्री मोठ्या इस्पितळात धावावे लागले. देवकृपेने तो वाचला.

सलाईनचे आपल्याला भारी वेड. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर. ज्याला तोंडाने पिता येते त्याला अशक्तपणासाठी ती कशाला? मुलाला जुलाब लागले असता ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या देऊन, कसे पाजायचे ते आईला समजावणारा डॉक्टर आम्ही वरचा मानतो, मग सुई नाही म्हणून आजी रुसली तरी चालेल.

कागदही पाहावेत. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असावा लागतो, आणि रोग्याने उपचाराचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. आपल्या बेळगाव भागात कर्नाटकाच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे खासगी दवाखान्याची नोंदणी हवी आणि दरपत्रकही लावलेले हवे. विचारायला लाजू नये.

आणखी एक. "त्यांना जमले नाही, पुढे पाठवले," अशी नावे आपण ठेवतो. साप चावलेल्याला वेळ न दवडता, प्रतिविष आहे तेथे फोन करून धाडणे, दोन आठवडे खोकणाऱ्याला सरकारी दवाखान्यात थुंकीच्या मोफत तपासणीला पाठवणे, हे जाणत्या डॉक्टरांचे काम आहे. जाताना त्यांच्याकडून चिठ्ठी मात्र लिहून घ्यावी: काय दिले, किती वाजता दिले. पुढच्या डॉक्टरांना आधी तीच लागते.