डायलिसिसचा कॅथेटर काढला? बिलाची ओळ नीट वाचा

फिस्टुला नीट चालू लागला की मानेतला कॅथेटर काढतात. रुग्णाला सुटल्यासारखे वाटते. मग बिल हातात पडते. त्यावर एकच ओळ असते, ‘कॅथेटर रिमूव्हल’. रक्कम मात्र कधी ड्रेसिंगएवढी, कधी ऑपरेशनएवढी. यातले योग्य कोणते?

हे कॅथेटर दोन प्रकारचे असतात. तात्पुरता कॅथेटर मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेत थेट घातलेला असतो. तो काढताना टाके कापून नळी ओढतात, जागा दाबून धरतात आणि हवाबंद पट्टी लावतात. हे काम खाटेवरच होते. त्याला भूल किंवा थिएटर लागत नाही.

दुसरा परमकॅथ. त्याची नळी छातीच्या कातडीखालून नेलेली असते आणि तिच्यावर कफ असतो. काही आठवड्यांत मांस त्या कफला घट्ट धरते. त्यामुळे जागा बधिर करून, गरज पडल्यास छेद घेऊन तो सोडवावा लागतो. ही छोटी शस्त्रक्रिया आहे. तिचा वेगळा चार्ज रास्त आहे.

अमेरिकेत बिलांसाठी वापरल्या जाणाऱ्या सीपीटी यादीतही हाच फरक आहे. परमकॅथ काढण्याला ३६५८९ हा कोड आहे. तात्पुरता कॅथेटर नुसता ओढून काढण्याला स्वतंत्र कोडच नाही. जुना परमकॅथ काढून त्याच वाटेने नवा घातला, तर बदलीचा ३६५८१ हा एकच कोड लागतो.

आपल्या बिलावर असे कोड सहसा नसतात. म्हणून आपणच विचारायचे :

• कॅथेटर कोणता होता? डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.
• थिएटर, भूल, सर्जन असे चार्ज असतील, तर ऑपरेशनची नोंद कुठे आहे?
• कॅथेटर का काढला? संसर्ग झाला म्हणून की गरज संपली म्हणून? विमा कंपनी हे कारण पाहते.
• त्याच वेळी नवा घातला असेल, तर काढण्याचे पैसे वेगळे का?

तपशीलवार बिल मागणे म्हणजे भांडण नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत तो हक्क आहे. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मंजूर असेल, तर पॅकेजमधल्या कामाचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात. कोणी मागितले तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा.

एक मात्र कधीच करू नका. पैसे वाचवायला नळी घरी काढू नका. बसलेल्या माणसाच्या मानेतली नळी ओढली, तर शिरेत हवा शिरून जीव जाऊ शकतो.