‘तारिणी’ची दुसरी पृथ्वीप्रदक्षिणा

सुरगाण्याच्या डोंगराळ मुलखात समुद्राशी आमचा संबंध एवढाच, की येथील नार-पार नद्यांचे पाणी पश्चिमेस गुजराथेतून त्यास जाऊन मिळते. तरीही ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेची हकीगत वाचकांनी घरातील मुलीबाळींसह वाचावी, असे आम्हांस वाटते.

सुमारे ५६ फूट लांबीची ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली व फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तीतून निघाल्या आणि २५४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने त्यांना मॉरिशसला थांबावे लागले होते.

अशी एकदा जग फिरून आलेली नौका पुन्हा महासागरात धाडावयाची, तर तिची परीक्षा कसून घ्यावी लागते. ‘तारिणी’चे शरीर लाकडी गाभ्यावर दोन्ही अंगांनी फायबरग्लासचे, म्हणजे काचतंतूंच्या कापडाचे, थर राळेने चढवून केलेले आहे. ते गंजत नाही. म्हणून अमर आहे असे मात्र नव्हे. एखाद्या स्क्रूचे भोक नीट बुजविले नसेल, तर पाणी शिरून गाभा आतल्या आत कुजतो आणि वरचे कवच चकचकीतच राहते. जाणता कारागीर लहान हातोडीने जागोजाग ठोकून पाहतो. भद्द आवाज आला, की कवच कापून कुजका भाग काढावयाचा, कोरडे लाकूड बसवावयाचे व पुन्हा थर चढवावयाचे. (मडके वाजवून घेणाऱ्या गृहिणींस ही परीक्षा नवी नाही!) डोलकाठीस ताणून धरणाऱ्या पोलादी तारा तर धडधाकट दिसल्या, तरी काही वर्षांनी बदलाव्याच लागतात. भर वादळात एक तार तुटली, तर डोलकाठीच कोसळावयाची.

२ ऑक्टोबर २०२४ रोजी याच नौकेतून दिलना के. व रूपा ए. या दोघीच अधिकारी गोव्याहून निघाल्या. सहाजणींचे काम दोघींवर. एकीने निजावे, तर दुसरीने जागावे. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाउन एवढीच विसाव्याची बंदरे. मध्ये जे फाटेल-तुटेल, ते त्यांनीच सांधावयाचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी केप हॉर्न ओलांडले. समुद्रगमनाबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागे तो काळ आमच्या घराण्यांस काही फार परका नाही! २९ मे २०२५ रोजी ‘तारिणी’ दोघींना घेऊन गोव्याच्या किनाऱ्यास लागली.